साडेचारचा सूर्यास्त

आमच्या शाळेचं वेळापत्रक गेली एकोणीस वर्षं मी करतो. हे मी अभिमानानं सांगतो, कारण अभिमानानं सांगण्यासारखं दुसरं फारसं काही माझ्या हातून घडलेलं नाही. जूनच्या सुरुवातीला स्टाफरूममध्ये मोठा कागद पसरायचा, डावीकडे वार, वर तास, आणि पेन्सिल-खोडरबर घेऊन बसायचं. गणिताच्या सरांना सकाळचे तास हवे असतात. इंग्रजीच्या बाईंना जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास नको असतो. विज्ञानवाल्यांना लागून दोन तास पाहिजेत. सगळ्यांचं ऐकायचं, आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे की फक्त माझंच ऐकलं. ही कला आहे, आणि तिचं रहस्य एवढंच आहे की वेळापत्रकात चित्रकलेचे तास असतात. कुणाचं काही अडलं की चित्रकलेचा तास उचलायचा आणि दुसरीकडं ठेवायचा. परीक्षा जवळ आल्या की तोही काढून गणिताला द्यायचा. चित्रकलेचे सर स्वभावानं गरीब आहेत. ते काही म्हणत नाहीत.

या गुणामुळे घरातल्या सगळ्या सहलींचं नियोजनही आपोआप माझ्याकडे आलं. आमच्या नातेवाइकांत कुणी कुठं निघालं की फोन येतो, 'तेवढं टाइमटेबल करून दे.' मी करून देतो. त्याप्रमाणे कुणी वागत नाही, पण कागद प्रवासभर जपून ठेवतात, देवाच्या अंगाऱ्यासारखा.

आता मूळ विषय. माझ्या बायकोचे वडील मूळचे मंगळवेढ्याचे, प्राथमिक शिक्षक. त्यांची पहिली नेमणूक झाली ती सातारा जिल्ह्यात, वाईच्या पश्चिमेला, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात. जिथं रस्ता संपतो तिथलं गाव. ज्वारीच्या काळ्या सपाट रानातला हा माणूस बायको आणि लहान मुलगी घेऊन भाताच्या खाचरांत जाऊन राहिला. माझी बायको तिथं पहिली ते चौथी शिकली, वडिलांच्याच शाळेत. पुढं त्यांची बदली आपल्या तालुक्यात झाली आणि खोरं सुटलं.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, सगळे जेवायला बसलेले असताना, तिनं सांगितलं की त्यांच्या खोऱ्यात या दिवसांत साडेचारला सूर्य मावळायचा. माझी आई आधी 'खोरं' या शब्दालाच अडली. आमच्याकडे खोरं म्हणजे माती-शेण ओढायचं लोखंडी अवजार. त्यात माणसं कशी राहतील, हे तिला समजेना. ते समजावून झाल्यावर बायको पुढं म्हणाली की सूर्य डोंगराआड जायचा, पण अंधार पडायचा नाही. त्यानंतर दीड-दोन तास नुसता उजेड असायचा, बिनसावलीचा. शाळा सुटली की सगळी मुलं त्या उजेडात खेळायची.

मी सोलापूरचा. सोलापुरात सूर्य कुणाला फसवत नाही. उगवला की सरळ समोर येऊन उभा राहतो आणि संध्याकाळी मैदानाच्या पार टोकाला, सगळ्यांच्या देखत, सांगून-सवरून जातो. उन्हाळ्यात तर गेल्यावरही भिंतींतून राहतो. त्यामुळे मी तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं, "म्हणजे तुमच्याकडं सूर्य हाफ डे भरत होता?"

पंगत हसली. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ते तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्याकडे मुळात विनोद मोजकेच. त्यातला एक चालला म्हटल्यावर मी तो सोडतो होय? पुढची चोवीस वर्षं प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला, वास्तुशांतीला मी तो सांगितला. बायको पहिली काही वर्षं समजावून सांगायची, डोंगर कसे आहेत, किती उंच आहेत. मग हसायला लागली. मग हसणंही थांबलं, आणि मी ते पाहिलं नाही.

गंमत म्हणजे या चोवीस वर्षांत आम्ही दोनदा महाबळेश्वरला गेलो. ते खोरं महाबळेश्वरच्या पठाराच्या अगदी खाली आहे. दोन्ही वेळा एका पॉइंटवर कठड्याशी उभं राहून मी तिला हात लांब करून दाखवलं, "ते बघ तुझं खोरं. झालं ना बघून?" आणि आम्ही चिक्की घ्यायला गेलो. एकदा ती कठड्याशी जरा जास्त वेळ थांबली, तेव्हा मी गाडीचा हॉर्न वाजवायला लावला होता.

या वर्षी गणपतीनंतर तिला एक फोन आला. चौथीपर्यंत तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण. ती त्याच गावात राहिली, त्याच गावात तिचं लग्न झालं, आणि आता नवरा-बायकोनं घराशेजारी दोन खोल्या बांधून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय केली होती. कुणाकडून तरी नंबर मिळवून तिनं फोन केला. दोघी तासभर बोलल्या. नंतर बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, मी चहाचा कप ठेवायला गेलो, तर मान वर न करता म्हणाली, "या दिवाळीत खोऱ्यात जायचं. एक रात्र राहायचं."

मी म्हणालो, जाऊ की. मग सवयीनं म्हणालो, हाफ डेचा सूर्य बघून येऊ.

तिनं लाटणं ठेवलं. "तुम्ही इतकी वर्षं हसताय, की आता मलाच खात्री राहिली नाही. आठ-नऊ वर्षांची होते मी. कदाचित तसं काही नव्हतंच. मला एकदा साडेचारला तिथं उभं राहून बघायचंय."

"मैत्रिणीला विचारायचं ना फोनवर."

"तिला विचारायचं नाही. बघायचंय."

यात रागावल्यासारखं काही नव्हतं. म्हणून तर मला ते जास्त लागलं. एखाद्या माणसाच्या लहानपणावर आपण चोवीस वर्षं खोडरबर फिरवत होतो, हे पोळीच्या वासात उभं असताना कळणं काही सुखाचं नसतं.

मी त्याच संध्याकाळी कागद घेतला. दोन दिवस, एक रात्र. पहिल्या दिवशी सोलापूर ते वाई, दुपारी खोऱ्यात, मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच, मग परत. इतकं सुटसुटीत वेळापत्रक मी आयुष्यात केलं नव्हतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण भाऊबीजेला ताई आणि दाजी नातेपुत्याहून आले आणि मी तो कागद कौतुकानं त्यांना दाखवला.

आमच्याकडे एक शब्द आहे, 'वाटेवरच'. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं एखादं ठिकाण वाटेवरच आहे म्हटलं, की ते कुठल्याही दिशेला असू शकतं. ताई म्हणाली, आम्हीपण येतो, नातेपुतं वाटेवरच आहे. हे खरं होतं. आई म्हणाली, वाईचा गणपती वाटेवरच हाय. हेही खरं होतं. मग ताईनं पाचगणीचं टेबललँड काढलं, तिला एकदा घोड्यावर बसायचं होतं. आईनं जुन्या महाबळेश्वरचं देऊळ काढलं, तिथं पाच नद्या एका गोमुखातून येतात असं तिनं ऐकलं होतं. आणि दाजींनी सनसेट पॉइंट काढला.

दाजींचा सनसेट पॉइंट साधा नव्हता. त्यांचं डाळिंबाचं रान आहे, सगळं आयुष्य उघड्यावर गेलेलं, सूर्य त्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिला असेल. पण व्याही, पाव्हणे, गावातले लोक, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये त्या पॉइंटवरचा फोटो होता, तळहातावर सूर्य धरलेला. दाजींच्या मोबाइलमध्ये तो नव्हता. ते मला म्हणाले, "पावणं, खोरं काय, डोंगरंच की. डोंगर कुटं पळून जात न्हाईत. पर सूर्यास्त म्हंजे टायमाचा मामला हाय." वेळापत्रक करणाऱ्या माणसाला हे पटलंच पाहिजे. शिवाय बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची पद्धत आमच्या घरात नाही. त्यांनी तिथल्या तिथं ओळखीनं महाबळेश्वरला हॉटेल सांगूनही टाकलं, दोन रात्रींसाठी.

मी नवीन कागद केला. मग आणखी एक. चौथ्या कागदावर तीन दिवस होते, नऊ ठिकाणं होती, आणि खोरं होतं तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा ते साडेअकरा, परतीच्या 'वाटेवर'. मुक्काम कधी गळला ते मला आठवत नाही. मी तो मुद्दाम काढला नाही. तो बाजूला सरकत सरकत कागदाच्या बाहेर गेला.

तो कागद मी फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दूध ठेवायला गेली आणि उघड्या दारापाशी उभी राहून तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो.

"माझं खोरं चित्रकलेचा तास झालंय," ती म्हणाली. "ज्याला पाहिजे तो घेतोय."

फ्रिजचं दार लावून ती बाहेर गेली. चित्रकलेच्या सरांबद्दल घरी येऊन हसत हसत सांगणारा मीच. तिनं ते एवढं नीट ऐकलं असेल असं वाटलं नव्हतं.

एखाद्या सरळ माणसानं त्याच क्षणी दाजींना फोन केला असता. मी मोबाइलवर नकाशा उघडला आणि पट्टी घेतली. मी अजूनही सगळ्यांना खूश करणार होतो. आणि मला मार्ग सापडला. नकाशावर महाबळेश्वर आणि ते गाव यांच्यात अंगठ्याच्या पेराएवढंसुद्धा अंतर नव्हतं. आम्ही तर वरून ते गाव डोळ्यांनी पाहिलं होतं. शाळेचा पत्रासुद्धा दिसला होता. आणि सोलापूरच्या माणसाला एक गोष्ट जन्मापासून ठाऊक असते, की दिसतं ते जवळ असतं. आमच्या गच्चीवरून जुन्या गिरणीची चिमणी दिसते. सायकल काढायची, चिमणीकडे तोंड करायचं, पाव तासात पोचायचं. एखाद्या गावाचं देऊळ दिसायला लागलं की एसटीत लोक पिशव्या उचलून दाराशी उभे राहतात. मी घाट धरून अर्धा तास लिहिला, वर दहा मिनिटं उदारपणे वाढवली, आणि पाचवा कागद केला. दुसरा दिवस: बारा वाजता खोऱ्यात, मैत्रिणीकडे जेवण, साडेचारचा सूर्यास्त बघून पावणेपाचला निघायचं, साडेपाचला सनसेट पॉइंट. एका दिवसात दोन सूर्यास्त. असं वेळापत्रक महाराष्ट्रात कुणी केलं नसेल, असं मला वाटलं, आणि ते खरंच होतं.

दाजी खूश झाले. बायकोनं कागद वाचून विचारलं, "मुक्काम?"

मी म्हणालो, "तुझं साडेचारचं तर होतंय ना?"

ती हो म्हणाली. मैत्रिणीला फोन करून तिनं सांगितलं की राहायला जमत नाही, जेवायला येतो. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आम्ही निघालो. गल्लीतल्याच एका ओळखीच्या ड्रायव्हरची सात जणांची गाडी होती. पहाटे साडेपाचची वेळ कागदावर होती, पण पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी नेमकं त्या दिवशी पहाटे आलं. पाणी आल्यावर सोलापुरात मयतसुद्धा तासभर थांबतं. पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरून आम्ही आठला गाडीत बसलो. नातेपुत्याला ताईकडे कागदावर फक्त चहा होता. त्या चहाबरोबर पुरी-भाजी, शिरा, दिवाळीचा फराळ आणि दाजींच्या चुलत्यांच्या घरचा दुसरा चहा आला. वाईला गणपतीपाशी पोचेपर्यंत उन्हं कलली आणि महाबळेश्वरच्या हॉटेलात दिवे लागल्यावरच गेलो.  वाई सुटताना बायकोनं उजवीकडे एकदा पाहिलं. तिकडं एक छोटा रस्ता धरणाच्या बाजूला जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ झालं, गोमुखाचं पाणी आईनं बाटलीत भरून घेतलं. खोऱ्यात उतरायच्या आधी पॉइंटवरून ते सगळ्यांना दाखवावं म्हणून अकराच्या सुमाराला मी गाडी थांबवली. कठड्यापाशी गेलो. खाली सगळं स्वच्छ दिसत होतं. धरणाचं पाणी, पिवळी पडलेली खाचरं, रस्त्याची दोरी, शेवटी घरांचा पुंजका. मी दाजींना म्हणालो, "बघा, इथंच तर आहे. चाळीस मिनिटं धरलीत, तीसुद्धा लागायची नाहीत."

कठड्याशी एक बाई भाजलेली कणसं विकत होती. आमच्याहून थोडी मोठी असेल. खात्री म्हणून मी तिला विचारलं, खाली त्या गावात गाडी कुठून उतरते. तिनं कणीस फिरवत सांगितलं की इथनं उतरतच नाही. मागं पाचगणीला जायचं, घाट उतरून वाईला, आणि तिथून धरणाच्या कडेकडेनं परत आत. सुट्टीची गर्दी आहे, अडीच-तीन तास धरा.

"पण हे तर दिसतंय," मी म्हणालो.

"दिसायला काय," ती म्हणाली, "चंद्र पण दिसतो."

ताई हसली. ड्रायव्हरही हसला. मी खिशातून कागद काढला, का ते मला माहीत नाही. त्यावर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. अडीच तास जायला, तेवढेच यायला. दोन सूर्यास्त बसत नव्हते. एकच बसत होता.

दाजींनी लगेच तोडगा काढला. त्यांचा स्वभाव तसा मोकळा आहे, मनात काही काळंबेरं नसतं. ते म्हणाले, मग आज हितंच फिरू, बोटिंग करू, संध्याकाळी आपला सनसेट. खोरं उद्या जाता जाता बघू, दहाला उतरलो की झालं, नाहीतरी वाई वाटंवरच हाय.

मी बायकोकडे पाहिलं. ती वाद घालणार नव्हती. ती पर्स खांद्याला लावून गाडीकडे निघालीसुद्धा होती, अगदी नेहमीसारखी. चित्रकलेच्या सरांना मी दर वर्षी सांगतो, सर, तुमचा तेवढा तास गणिताला दिलाय, आणि ते 'बरं बरं' म्हणून खडूचा डबा उचलतात आणि जातात. तसं चालत होती ती. एकोणीस वर्षं मी ती पाठ बघितली आहे. मला कधी काही वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही आणि ताई थांबा. आम्ही दोघं खाली जातो. आजच, मुक्कामाला."

आवाज माझा होता, पण तो मलाच नवीन वाटला.  दाजींना राग आला नाही, त्यांना अपमान वाटला, आणि ते वाईट. "पावणं, आमाला टाकून जाताय व्हय?" ते म्हणाले.

 मी खरंच टाकून जात होतो. हॉटेल त्यांनी ठरवलेलं, बोलावून आणलं मी, आणि गाडीही मीच नेणार. मी काहीतरी पुटपुटलो, की चोवीस वर्षं आम्ही तिला हसलो, तुम्हीपण हसलात, ती जेवणाची पंगत आठवते का. दाजी म्हणाले, मग, विनोदच होता की. मी म्हणालो, विनोद माझा होता दाजी, पण तिला आता वाटायला लागलंय की तिनं ते स्वप्नात बघितलं. तेवढं खरं-खोटं करून येतो.

दाजी कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले. ताईनं त्यांचा शर्ट मागून नीट केला, जसा ती लहान मुलाचा करते, आणि मला म्हणाली, "जा रे तू. ह्यांना मी बघती. तळहातावर सूर्य धरायला मी लागतीच की फोटो काढायला."

आई गाडीत जाऊन बसली होती. मी सांगायला गेलो की तू ताईबरोबर थांब, तर उतरेना. म्हणाली, "सूर्य मी नवी पेठंतनं बाजार करून येताना रोज बगती. ही पोरगी काय म्हणती ते बगायचंय मला."

कठड्याशी काय ठरलं ते बायकोला गाडी पाचगणीकडे वळल्यावरच कळलं. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं पर्समधून मोबाइल काढून मैत्रिणीला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "येतोय. राहायला." मग घड्याळ बघितलं. त्यानंतर वाट संपेपर्यंत ती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती.

पाचगणीतून बाहेर पडायलाच तासभर लागला. घाटात एका वळणावर बस आणि ट्रक तोंडासमोर तोंड करून उभे होते, आणि सगळं जग त्यांच्या मागं. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात किती वेळापत्रकं केली असतील. वाईला अडीच वाजून गेले होते. जेवलो नाही. आईनं फराळाच्या डब्यातून एकेकाच्या हातात चकली दिली. धरणाच्या कडेचा रस्ता सुरू झाला आणि मला कळलं की मी 'खोरं' हा शब्द नुसताच वापरत होतो. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत होते. सपाटीवरच्या माणसाला एवढं उंच काही दोन्हीकडून बघायची सवय नसते. मान कुठं वळवावी कळत नाही. आई म्हणाली, "हितं आबाळ लई अरुंद हाय की."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. गाव अजून पुढं होतं. ऊन चांगलं लख्ख होतं, कापलेल्या भाताचे भारे खाचरांत चमकत होते, आणि मला वाटायला लागलं की हे ऊन सहापर्यंत हलत नाही. बायकोचा चेहरा मी आरशात बघत होतो. तिलाही तेच वाटत असावं. ती बाहेर बघत नव्हती, हातातल्या मोबाइलवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मग समोरच्या वळणावर गाडी सावलीत शिरली. झाडाची सावली असेल म्हणून मी बघितलं, तर झाड नव्हतं. रस्ता, ओढा, पलीकडची खाचरं, सगळ्यावर एकसारखी सावली होती, आणि तिची कड आमच्या उजवीकडे शेतातून सरकत होती. खरंच सरकत होती, डोळ्यांना दिसेल अशी. एक बाई भारा उचलत होती. ती वाकली तेव्हा उन्हात होती, उभी राहिली तेव्हा नव्हती. ड्रायव्हरला मी थांब म्हणालो. आम्ही उतरलो. डावीकडे डोंगराच्या कडेवर सूर्याची शेवटची ठिणगी होती, ती गेली.

चार वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. ते मी कुणाला सांगितलं नाही.

अंधार पडला नाही. सगळं नुसतं स्पष्ट झालं. दगड, गवत, बांध, दूरच्या घरांची दारं, सगळं एकेक वेगळं दिसायला लागलं आणि कशालाच सावली नव्हती. आईनं आपल्या पायाशी बघितलं, मागं वळून बघितलं, आणि म्हणाली, "व्हय की गं."

गावात शाळेपाशी मैत्रीण उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चौथीनंतर भेटलेल्या दोन बायकांनी काय करायचं याची काही रीत नसावी. मैत्रिणीनं हातातला विळा खाली ठेवला आणि माझ्या बायकोच्या डोक्यावरचा पांढरा केस ओढून बघितला. मग दोघी शाळेच्या भिंतीवर बसल्या त्या बसल्याच. मैदानात मुलं खेळत होती. मैत्रिणीच्या नवऱ्यानं आम्हाला चहा दिला आणि घराच्या ओट्यावर बसवलं.

सहाच्या सुमाराला दाजींचा फोन आला. आवाजात सकाळचं काही नव्हतं. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. म्हणाले, हितं लई गर्दी हाय पण जागा गावली, अजून ऊन हाय, तुमच्याकडं काय? मी सांगितलं, आमचा जाऊन तास-दीड तास झाला. ते म्हणाले, "आँ? खरं की काय?" मग म्हणाले, थांबा, निघालाय, ताईचा फोटो चुकायला नको, आणि फोन तसाच चालू राहिला. मी ओट्यावरून वर बघितलं. खोऱ्याच्या उत्तरेला जो किल्ल्याचा डोंगर आहे त्याच्या माथ्यावर तेवढं ऊन उरलं होतं, तांबडं. ते विरत विरत गेलं आणि त्याच वेळी फोनमधून गर्दीचा आवाज आला, सगळी माणसं एकदम बोलल्यासारखा.

"गेला वरचापण," मी बायकोला सांगितलं. ती आणि मैत्रीण तोवर ओट्यावर आल्या होत्या.

"माहीत आहे," ती म्हणाली. "किल्ल्यावरचं ऊन गेलं की आई हाक मारायची, कंदील पुसायला."

मैत्रीण हसली आणि दिवा लावायला आत गेली. मला वाटलं, आता बोलावं. मी घसा साफ केला आणि म्हणालो की तुझं बरोबर होतं.

"काय?" ती म्हणाली. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. मैदानातली मुलं घरी निघताना आरडाओरडा करत होती.

मी पुन्हा म्हणालो. आई म्हणाली, "मोठ्यानं बोल की. हसताना बरा मोठ्यानं हसायचास."

तेव्हा मी उभा राहिलो आणि वर्गात हजेरी घ्यायच्या आवाजात म्हणालो की साडेचारला सूर्य जातो, दीड तास उजेड राहतो, तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं, आणि चोवीस वर्षं मी मूर्खासारखा हसलो. मैदानातली दोन मुलं थांबून बघायला लागली. ड्रायव्हरनं गाडी पुसता पुसता मान वर केली.

मैत्रीण आतून पदराला हात पुसत आली. विचारलं, "काय झालं गं? काय म्हणतायत?"

"काही नाही," बायको म्हणाली. "उद्यापण राहायचं म्हणतायत."